पन्नाशीचे माप

तयार कपड्यांच्या दुकानात पंचेचाळीस ते साठ या वयातल्या स्त्रीसाठी वेगळा विभाग नसतो. एका बाजूला आखूड टॉप, बिनबाह्यांच्या कुर्त्या आणि घट्ट पँट्स टांगलेल्या असतात. दुसऱ्या बाजूला लग्नकार्याचे जड, चमचमते सेट आणि मोठ्या मापांच्या कप्प्यात तपकिरी, करडे, मरून रंगांचे ढगळ कुर्ते. या दोन्हींच्या मधे जे हवे असते ते शोधून सापडत नाही. कोपरापर्यंत बाही, गुडघ्याखाली येणारी उंची, पोटावर न ताणणारा आणि खांद्यावरून न घसरणारा कुर्ता, घाम टिपणारे कापड, ताजा रंग आणि जमल्यास एक खिसा, एवढीच ही मागणी आहे. बँकेत, शाळेत, कचेरीत जाणाऱ्या, लोकलने प्रवास करणाऱ्या आणि नोकरीतल्या सर्वांत वरच्या पगारावर पोहोचलेल्या स्त्रीची ती मागणी आहे. ती अपुरी राहते याची कारणे शरीरात होणाऱ्या बदलांत, कापड बेतण्याच्या पद्धतीत आणि दुकानदारीच्या हिशेबात सापडतात.

मागच्या पिढीला हा प्रश्न या रूपात पडला नव्हता, कारण साडीला माप नसते. साडेपाच मीटरची गोल साडी किंवा आठ मीटरच्या आसपासची नऊवारी विसाव्या वर्षी नेसता येते तशीच साठाव्या वर्षीही. कंबर वाढली की निऱ्या एक-दोनने कमी होतात, एवढेच. अंगाबरोबर बदलावे लागते ते फक्त ब्लाउज, आणि ते शिंप्याकडे मापाने शिवलेले असते. चांगला शिंपी शिवणीच्या आत दोन्ही बाजूंना माया सोडतो, म्हणजे जास्तीचे कापड दुमडून ठेवतो. बाळंतपणानंतर एक शिवण उसवायची, चाळिशीनंतर दुसरी, असे एकच ब्लाउज पंधरा-वीस वर्षे चालवलेली घरे महाराष्ट्रात असंख्य आहेत. शिवाय शिंप्याच्या टेपेला त्या बाईचे अंग ठाऊक असते. एक खांदा जरा उतरता आहे, पाठ किंचित वाकली आहे, उजवा दंड डाव्यापेक्षा भरलेला आहे, हे सगळे त्याच्या वहीत आकड्यांच्या रूपाने उतरलेले असते. वय वाढणे ही गोष्ट या व्यवस्थेत आपोआप सामावलेली होती.

सलवार-कमीज मराठी घरांत ‘पंजाबी ड्रेस’ या नावाने आला. आधी तो कॉलेजातल्या मुलींनी घातला, मग नोकरी करणाऱ्या सुनांनी आणि बऱ्याच वर्षांनी सासवांनीही. लोकलच्या गर्दीत आणि स्कूटरवर त्याची सोय उघड होती. सुरुवातीला कापड दादरच्या हिंदमाता बाजारातून, पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावरून किंवा नागपूरच्या सीताबर्डीतून घ्यायचे आणि घराजवळच्या शिंप्याकडे टाकायचे, अशीच रीत होती. तयार ड्रेसचा बाजार ऐंशीच्या दशकात बाळसे धरू लागला. मीना बिंद्रा यांनी चाळिशीच्या उंबरठ्यावर मुंबईतल्या घरातून ड्रेस विकायला सुरुवात केली आणि त्यातून ‘बिबा’ हा व्यवसाय उभा राहिला. १९९१ मध्ये अंधेरीत ‘शॉपर्स स्टॉप’ सुरू झाले, तेव्हा तिथे फक्त पुरुषांचे कपडे मिळत; स्त्रियांचा विभाग नंतर आला. १९६० मध्ये जॉन बिसेल यांनी निर्यातीसाठी स्थापन केलेल्या ‘फॅबइंडिया’ने १९७६ मध्ये दिल्लीत पहिले दुकान उघडले होते, आणि पुढे त्यांचे हातमागाचे सरळ, सैल कुर्ते देशभरातल्या शहरांत पोहोचले. टाटांनी ‘लॅक्मे’ ही सौंदर्यप्रसाधनांची कंपनी विकून १९९८ मध्ये ‘ट्रेंट’मार्फत कपड्यांच्या व्यापारात पाऊल टाकले. त्यासाठी त्यांनी ब्रिटनमधल्या ‘लिटलवुड्स’चे बंगळूरचे दुकान घेतले आणि त्याचे ‘वेस्टसाइड’ झाले. त्यामागे सिमोन टाटा होत्या, आणि त्या वेळी त्यांचे वय साठीच्या पुढे होते. तयार कपड्यांच्या भारतीय व्यापाराला आकार देणाऱ्यांत प्रौढ स्त्रिया अशा ठळकपणे दिसतात, ही नोंद महत्त्वाची आहे.

शिंप्याकडून कारखान्याकडे जाताना सर्वांत आधी गेली ती माया. कारखान्यात कपड्याच्या खर्चाचा मोठा वाटा कापडाचा असतो, म्हणून शिवणीबाहेर जेमतेम सेंटिमीटरभर कापड ठेवून ओव्हरलॉकने कडा कापून टाकली जाते. असा कुर्ता आत घेता येतो, सैल करता येत नाही. वाढत्या वयाच्या अंगाला नेमके सैल करण्याची गरज असते. दुसरी गेली ती व्यक्तीची नोंद. तिच्या जागी स्मॉल, मीडियम, लार्ज ही अक्षरे आली.

ही अक्षरे आणि त्यांच्यामागचे आकडे कुठून आले हे समजून घ्यायला हवे, कारण पन्नाशीच्या स्त्रीची बरीचशी अडचण तिथे सुरू होते. स्त्रियांच्या अंगाची मोठ्या प्रमाणावरची पहिली शास्त्रीय मोजणी अमेरिकेत १९३९-४० मध्ये झाली. तिथल्या कृषी खात्याच्या गृहअर्थशास्त्र विभागात काम करणाऱ्या रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांनी जवळजवळ १५,००० स्त्रियांची प्रत्येकी ५९ मापे घेतली. निष्कर्ष काढताना फक्त गोऱ्या स्त्रियांची मापे धरली गेली. माप द्यायला येणाऱ्यांना थोडे पैसे मिळत, त्यामुळे गरजू आणि तरुण स्त्रियांचे प्रमाण जास्त होते. पुढे याच माहितीच्या आधारे १९५८ मध्ये अमेरिकी सरकारने मापांचे प्रमाण जाहीर केले. उत्पादक ते पाळेनात, म्हणून १९८३ मध्ये ते मागे घेण्यात आले. त्यानंतर प्रत्येक कंपनीने आपापले माप ठरवले. एका नाममुद्रेचा लार्ज दुसरीचा एक्स्ट्रा लार्ज ठरतो, तो या इतिहासामुळे.

वय हा मापाचा स्वतंत्र निकष आहे, हे मान्य व्हायला बराच काळ गेला. नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या मानक ठरवणाऱ्या संस्थेने ५५ वर्षांपुढच्या स्त्रियांसाठी वेगळा मापतक्ता प्रसिद्ध केला. त्यासाठी या वयाच्या हजारो स्त्रियांची मापे घेतली होती, आणि एकाच साइझच्या तरुण व प्रौढ स्त्रियांचे अंग वेगळ्या घडणीचे असते हे त्यातून आकड्यांनिशी दिसले. ब्रिटनमध्ये २००१-०२ च्या ‘साइझ यूके’ पाहणीत सुमारे ११,००० लोकांचे अंग त्रिमितीय स्कॅनरने मोजले गेले. १९५१ च्या मोजणीत स्त्रीची सरासरी कंबर साडेसत्तावीस इंच भरली होती, ती आता ३४ इंचांच्या आसपास निघाली. भारतात मात्र दीर्घकाळ ब्रिटिश आणि अमेरिकी तक्तेच थोडेफार फिरवून वापरले गेले. केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या पाठबळावर राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे निफ्टने, हाती घेतलेला ‘इंडिया साइझ’ हा प्रकल्प ही उणीव भरून काढण्यासाठी आहे. मुंबई, दिल्ली, कोलकाता, हैदराबाद, बंगळूर आणि शिलाँग या सहा शहरांतल्या १५ ते ६५ वयाच्या २५,००० स्त्री-पुरुषांची मापे घेण्याचे त्याचे उद्दिष्ट होते. वरची मर्यादा ६५ आहे ही त्यातली मोलाची गोष्ट. या आकड्यांतून वयोगटानुसार वेगळे तक्ते तयार झाले, तर पन्नाशीच्या भारतीय स्त्रीचे अंग पहिल्यांदाच कारखान्याच्या कापणीच्या टेबलापर्यंत पोहोचेल. सरासरी काढताना तिला विशीच्या मुलीत मिसळून टाकले, तर मोजणीचा तिला काही उपयोग होणार नाही.

प्रौढ वयात अंगात होणारे बदल फक्त वजनाचे नसतात. भारतीय स्त्रीची पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी थांबते. इस्ट्रोजेन कमी होऊ लागले की चरबी साठण्याची जागा बदलते. तरुणपणी ती नितंब आणि मांड्यांवर अधिक असते, आता पोटाभोवती जमते. त्यामुळे वजन तेवढेच राहिले तरी कंबर रुंदावते. छाती खाली येते, दंड भरतात, खांदे पुढे झुकतात, पाठीचा वरचा भाग किंचित गोलावतो आणि मणक्यांमधल्या चकत्या आकसल्याने उंचीही थोडी कमी होते. नितंब मात्र बहुतेकदा तेवढेच राहतात किंवा सपाट होतात.

यांतल्या प्रत्येक बदलाचा कापडावर वेगळा परिणाम होतो. तयार कुर्त्याच्या तक्त्यात छाती आणि कंबर यांतला फरक सहा ते आठ इंच धरलेला असतो. हा फरक तीन-चार इंचांवर आला की छातीला बसणारा कुर्ता पोटावर ओढला जातो आणि पोटाला बसणारा छातीवर ढगळ होतो. पोट पुढे आल्याने कुर्त्याचा पुढचा घेर उचलला जातो, म्हणून पुढून आखूड आणि मागून लांब असा कुर्ता दिसतो. पाठ गोलावली असेल तर उलटे घडते. पाठीवर कापड कमी पडते, कुर्ता मागे सरकतो आणि गळ्याची पट्टी गळ्यावर रुतते. छातीचे टक्स जिथे संपायला हवेत त्याच्या वर संपले की काखेपासून तिरक्या चुण्या पडतात. दंड भरलेला असताना मुंढा अरुंद राहिला, तर हात वर करताना अख्खा कुर्ता वर येतो. बसमधली कडी धरताना किंवा फळ्यावर लिहिताना हे रोज जाणवते.

मोठे माप घेतले की प्रश्न सुटेल असे वाटते, पण मोठे माप कसे तयार होते हे पाहिले की त्याची मर्यादा कळते. कारखान्यात एका मधल्या मापाचा नमुना बेततात. तो बहुधा तरुण, सडपातळ मॉडेलच्या अंगावर बसवून पक्का केलेला असतो. मग ठरावीक अंतराने सगळ्या रेषा बाहेर सरकवून पुढची मापे काढतात. यात छाती आणि कंबरेबरोबर खांदा, गळा, बाहीची लांबी हेही वाढत जाते. स्त्रीच्या खांद्याची हाडे पन्नाशीत रुंद होत नाहीत. म्हणून डबल एक्सएलचा कुर्ता पोटावर नीट बसतो तेव्हा त्याची खांद्याची शिवण दंडावर उतरलेली असते, गळा पसरलेला असतो आणि बाही मनगटाकडे निघालेली असते. घालणारीला वाटते आपले अंगच बेढब झाले. कपडे बदलायच्या खोलीत अनेक स्त्रियांना येणारे हे खिन्न वाटणे ज्या नमुन्यामुळे येते, तो त्यांच्या अंगासाठी बेतलेलाच नसतो. ही गोष्ट प्रत्येक दुकानात मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावी इतकी महत्त्वाची आहे.

काही व्यापाऱ्यांनी या वयाला धरून माप आखले आहे. १९८३ मध्ये फ्लोरिडातल्या सॅनिबल बेटावर सुरू झालेल्या ‘चिकोज’ या साखळीने शून्य ते तीन अशी स्वतःची मापे ठेवली, आणि ती कंबरेला सैल, बसण्या-उठण्याला सोपी अशा बेताची होती. ब्रिटनमध्ये दुकानदारीच्या सल्लागार मेरी पोर्टास यांनी २०११ मध्ये लंडनच्या ‘हाउस ऑफ फ्रेझर’मध्ये चाळिशीपुढच्या स्त्रियांसाठी स्वतंत्र दालन उघडले. दंड झाकायला नायलॉनच्या पातळ बाह्या तिथे सुट्या विकायला ठेवल्या होत्या. केंट विद्यापीठातल्या ज्युलिया ट्विग यांनी ब्रिटनमधल्या मोठ्या दुकानांच्या वस्त्ररचनाकारांशी बोलून याच विषयावर अभ्यास केला. काप, बाही, गळा आणि रंग वयानुसार कसे बदलले जातात याची त्यांनी केलेली मांडणी २०१३ मध्ये पुस्तकरूपाने आली. या बाजाराशी भारताचा धागाही जुळलेला आहे. १९७३ मध्ये सुरू झालेल्या ‘मान्सून’ने भारतीय ठशांचे छापील कपडे ब्रिटिश बाजारपेठेत नेले, आणि ‘ईस्ट’ या प्रौढ स्त्रियांच्या कपड्यांच्या साखळीत २००९ मध्ये ‘फॅबइंडिया’ने भागभांडवल घेतले. सैल कापाचा भारतीय सुती कुर्ता ब्रिटनमधल्या पन्नाशीच्या बाईला आपलासा वाटला, तो त्याच्या बेतामुळे. जुन्या कुर्त्यात बाजूला कळ्या असतात आणि काखेत कापडाचा छोटा चौकोनी तुकडा जोडलेला असतो. कळ्यांमुळे पोटाला जागा मिळते आणि चौकोनी तुकड्यामुळे हात मोकळा हलतो. खर्च वाचवण्यासाठी आजच्या बहुतेक तयार कुर्त्यांतून दोन्ही वगळले जातात.

दुकानाचा हिशेब तरुणींकडे का झुकतो हेही उघड आहे. तरुणी वारंवार आणि स्वस्तात खरेदी करते, नवी फॅशन लगेच उचलते आणि तिच्या अंगाला नमुना जवळपास आहे तसा बसतो. २०१६ पासून पसरलेल्या ‘झुडिओ’सारख्या हजार रुपयांच्या आतल्या साखळ्यांनी हा वेग आणखी वाढवला. मध्यम वयाची स्त्री कमी वेळा घेते, पण टिकाऊ घेते, कापड चुरगळून पाहते, शिवण उलटून पाहते. प्रत्येक फेरीत वेगळे काही शोधणारी ती गिऱ्हाईक नाही. एकदा बसलेला काप ती पाच रंगांत घेईल, पण पुढच्या हंगामात तो कापच दुकानातून गेलेला असतो. व्यापाऱ्यांनी चालणारा काप वर्षानुवर्षे तसाच ठेवला आणि फक्त रंग व छपाई बदलली, तर या गिऱ्हाइकाची निष्ठा त्यांना मिळेल. पुरुषांच्या शर्टाच्या बाबतीत ते हेच करत आले आहेत.

रंगाची गोष्ट वेगळी आणि अधिक बोचणारी आहे. हिरवी, जांभळी, डाळिंबी पैठणी साठीच्या बाईने नेसली तर तिचे कौतुकच होते. त्याच बाईच्या मापाचा कुर्ता मात्र राखी किंवा मातकट रंगात शिवला जातो, कारण मोठे माप लपवायचे असते असे गृहीत धरलेले असते. साडीच्या परंपरेत वय वाढले म्हणून सवाष्णीच्या अंगावरचा रंग उतरत नव्हता. तयार कपड्यांच्या बाजाराने तो उतरवला, आणि ‘वयाला शोभेल असे दाखवा’ ही घराघरांत रुजलेली सूचना त्याला पुरेशी ठरली. या वयात केस पांढरे होतात आणि कातडीचा वर्ण थोडा फिकट पडतो. अशा वेळी मोरपिशी, लाल, गर्द निळा, हळदी पिवळा हे रंग चेहऱ्याला उजाळा देतात. मातकट रंग थकवा दाखवतात.

कापडाच्या बाबतीत निवड अधिक काटेकोर असावी लागते. पाळी थांबण्याच्या आगेमागे अंगातून एकदम गरम वाफा निघाल्यासारखे होते, घाम फुटतो. सूत स्वतःच्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के ओलावा हवेतून धरून ठेवते, व्हिस्कोस त्याहूनही जास्त. पॉलिस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. म्हणून दिसायला सुती वाटणारे पॉलिस्टर मिश्रण मे महिन्यात अंगावर नकोसे होते. पट्टीवरची बारीक अक्षरे वाचून मगच कुर्ता घालून पाहावा. व्हिस्कोस किंवा रेयॉन अंगावर छान पडते पण धुण्यात आटते आणि लवकर विटते, त्यामुळे रोजच्या वापराला सुती किंवा सुती-लिनन अधिक चांगले. लेगिंगमधले लायक्रा पाच-सात टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर पोटावर काच पडतो. सरळ पँट किंवा सैल सलवार, पुढे सपाट पट्टी आणि मागे इलॅस्टिक अशी असेल तर बसताना त्रास होत नाही.

महाराष्ट्रातल्या शहरांत ही गरज आज बऱ्याच अंशी मोठ्या दुकानांबाहेर भागते. दिवाळीच्या आधी पुणे, ठाणे, डोंबिवली, विलेपार्ले इथल्या सभागृहांत कपड्यांची प्रदर्शने भरतात. तिथे मंगळगिरी, इकत, अजरख, कलमकारी, महेश्वरी कापडांचे कुर्ते घेऊन बसलेल्या विक्रेत्या पुष्कळदा स्वतः याच वयाच्या असतात. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा खण पूर्वी चोळीपुरता होता, आता त्याचे कुर्ते आणि जाकिटेही होतात. या विक्रेत्या बाही लांब करून देतात, मुंढा वाढवून देतात, पुढच्या खेपेला तोच काप दुसऱ्या रंगात आणतात. किंमत जास्त पडते, पण कपडा वर्षानुवर्षे वापरला जातो. कापड घेऊन शिवण्याची जुनी वाटही बंद झालेली नाही, मात्र मोहल्ल्यामोहल्ल्यातले शिंपी कमी होत चालले आहेत आणि जे उरले आहेत त्यांच्याकडे ब्लाउजांचीच रांग असते.

तयार कुर्ता घेताना आधी खांदा पाहावा. खांदा आणि गळा दुरुस्त करणे अवघड आणि महागडे असते, म्हणून शिवण हाडाच्या टोकावर बसेल तेच माप निवडावे, भले ते पोटावर थोडे कमी पडो. पोटापाशी जागा कमी असेल तर बाजूचे कट दोन-तीन इंच वरून उघडता येतात किंवा त्याच कापडाची कळी जोडता येते. लांब कुर्ता घेतला असेल तर ती कळी खालच्या कापडातूनच निघते. मुंढा अर्ध्या इंचापर्यंत खोल करता येतो, पण त्याहून जास्त नाही, कारण मग बाही बसत नाही. टक्स उसवून खाली आणता येतात, मात्र आधीच्या टाक्यांची भोके हातमागाच्या कापडावर धुतल्यावर भरून येतात आणि घट्ट विणीच्या कापडावर दिसत राहतात. बाजूच्या शिवणीत खिसा लावणे हे सर्वांत सोपे काम आहे. घालून पाहताना आरशासमोर उभे राहणे पुरेसे नाही. खुर्चीवर बसावे, दोन्ही हात डोक्यावर न्यावेत, खाली वाकून चपलेचा पट्टा लावावा. या तीन हालचालींत पोट, मुंढा आणि गळा यांचे दोष लगेच कळतात.